युटा आणि नेव्हाडा : एका तुलनेचा इतिहास

व्हिक्टर फ्यूक्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे ‘हू शॅल लिव्ह?’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. आरोग्यावरचा खर्च, डॉक्टर, रुग्णालये आणि औषधे यांचा अर्थशास्त्राच्या अंगाने विचार करणारे हे पुस्तक आज पन्नास वर्षांनंतरही त्या विषयाच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. पुस्तक गाजले, पण त्याहून अधिक गाजली त्यातली मोजकी पाने. अमेरिकेच्या पश्चिमेकडची दोन शेजारी राज्ये, युटा आणि नेव्हाडा, या पानांत समोरासमोर ठेवलेली आहेत. ‘दोन राज्यांची गोष्ट’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा भाग पुढे इतक्या ठिकाणी उद्धृत झाला, की मूळ पुस्तक न वाचलेल्यांनाही ती गोष्ट माहीत असते. तिचे तात्पर्यही सर्वांच्या तोंडी आहे : माणूस किती जगतो हे डॉक्टरपेक्षा त्याच्या राहणीवर अवलंबून असते.

हे तात्पर्य मला कधी खोटे वाटले नाही. अपुरे मात्र नेहमी वाटत आले. राहणी म्हणजे तरी काय? ती माणूस एकट्याने निवडतो, की ज्या गावात तो राहतो, त्या गावाच्या इतिहासाने ती त्याच्या हाती दिलेली असते? आणि दोन राज्ये शेजारी असतील, तर एकाची राहणी दुसऱ्यापासून अगदी वेगळी काढून मोजता येते का? या प्रश्नांसाठी फ्यूक्स यांच्या तक्त्याच्या मागे जाऊन या दोन राज्यांचा इतिहास तपासावा लागतो. या लेखात मी तेच करणार आहे.

तक्त्यात काय होते

राज्याराज्यांची तुलना ही अमेरिकेतली जुनी हौस. एच. एल. मेंकेन आणि चार्ल्स अँगॉफ यांनी १९३१ साली ‘अमेरिकन मर्क्युरी’ मासिकात ‘सर्वांत वाईट राज्य कोणते?’ याचा हिशेब मांडला होता. संपत्ती, शिक्षण, आरोग्य, सार्वजनिक सुव्यवस्था अशा नाना बाबींचे आकडे एकत्र करून त्यांनी मॅसॅच्युसेट्सला पहिला आणि मिसिसिपीला शेवटचा क्रमांक दिला. त्यात मेंकेनचा खोडसाळपणा होता, पण आकडे खरे होते. तरी अशा तुलनेत एक अडचण राहतेच. मॅसॅच्युसेट्स श्रीमंत, मिसिसिपी गरीब. मग श्रीमंत राज्यातले लोक जास्त जगतात यात नवल ते काय?

फ्यूक्स यांची चतुराई इथे दिसते. त्यांनी अशी जोडी निवडली, की जिच्यात पैशाचा मुद्दा आपोआप गळून पडावा. युटा आणि नेव्हाडा यांची सीमा एक, हवामान बरेचसे सारखे, दोन्हीकडे वाळवंट आणि डोंगर. शालेय शिक्षणाची वर्षे जवळपास सारखी. शहरात राहणाऱ्यांचे प्रमाण मिळतेजुळते. लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर आणि रुग्णालयातल्या खाटा यांतही मोठा फरक नाही. कुटुंबाचे सरासरी उत्पन्न तर नेव्हाडात जास्त. म्हणजे अंदाज बांधायचाच झाला तर नेव्हाडाचे लोक थोडे अधिक निरोगी असायला हवेत.

प्रत्यक्षात उलटे होते. फ्यूक्स यांनी १९५९-६१ आणि १९६६-६८ या दोन कालखंडांच्या मृत्युदरांची सरासरी काढली. एक वर्षाच्या आतल्या मुलांचा मृत्युदर नेव्हाडात युटापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. चाळीस ते एकोणपन्नास या वयोगटात फरक सर्वांत मोठा : पुरुषांचा मृत्युदर ५४ टक्क्यांनी आणि स्त्रियांचा ६९ टक्क्यांनी अधिक. मग त्यांनी फक्त दोन कारणांनी झालेले मृत्यू बाजूला काढले, यकृताचा सिऱ्हॉसिस आणि श्वसनमार्गाचा कर्करोग. पहिला मुख्यतः दारूशी आणि दुसरा तंबाखूशी जोडलेला. तिशीतल्या आणि चाळिशीतल्या माणसांमध्ये या मृत्यूंचे नेव्हाडातले प्रमाण युटाच्या दुपटीपासून सहापटीच्याही पुढे गेलेले दिसले.

इथे वाचकाच्या मनात एक शंका येईल. लास वेगासला जगभरातून माणसे जातात, तिथे जागरणे करतात, पितात. त्यांतले काही तिथेच मरत असतील, आणि त्यांचे मृत्यू नेव्हाडाच्या खात्यावर पडत असतील. पण अमेरिकेच्या राज्यवार आकडेवारीत मृत्यू मोजला जातो तो माणूस जिथला रहिवासी आहे तिथे. हे आकडे पाहुण्यांचे नाहीत, घरच्यांचे आहेत.

कारण शोधताना फ्यूक्स दारू-तंबाखूपाशी थांबले नाहीत. १९७० च्या जनगणनेतले आणखी काही आकडे त्यांनी पुढे ठेवले, आणि मला ते तक्त्याहून मोलाचे वाटतात. युटातल्या वीस वर्षांवरच्या माणसांपैकी ६३ टक्के त्याच राज्यात जन्मलेले होते. नेव्हाडात फक्त १० टक्के. नेव्हाडातल्या पस्तीस ते चौसष्ट वयाच्या पुरुषांपैकी वीस टक्क्यांहून अधिक अविवाहित, विधुर, घटस्फोटित किंवा पत्नीपासून वेगळे राहणारे होते. युटात याच्या निम्मे. म्हणजे नेव्हाडा हे बाहेरून आलेल्यांचे आणि पुष्कळदा एकट्यांचे राज्य होते. ते तसे का झाले, हे जनगणना सांगत नाही.

राहायला आलेले आणि मिळवायला आलेले

जुलै १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली मॉर्मन पंथाचा पहिला जथा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. हे लोक पूर्वेकडच्या राज्यांतून हाकलले गेले होते. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ साली जमावाच्या हातून मारला गेला होता. परत जायला त्यांना जागाच नव्हती. म्हणून त्यांनी पहिल्या दिवसांपासून डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचे पाट काढले, रुंद रस्त्यांची चौकोनी गावे आखली, आणि कुटुंबेच्या कुटुंबे नव्या वस्त्यांवर पाठवली. जमीन आणि पाणी यांची वाटणी पंथाच्या व्यवस्थेतून होत असे. ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले, ती यूट, शोशोनी, गोशूट, पायूट या मूळ लोकांची होती, आणि त्यांच्या विस्थापनाची गोष्ट दोन्ही राज्यांच्या पायाखाली आहे, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

आज नेव्हाडा म्हणून ओळखला जाणारा बराचसा प्रदेश तेव्हा युटा प्रांताचाच भाग होता. तिथली पहिली गोरी वस्तीही मॉर्मनांशी जोडलेली आहे : १८५१ सालचे ‘मॉर्मन स्टेशन’, म्हणजे आजचे जिनोआ. एवढेच काय, लास वेगासच्या झऱ्यांकाठी १८५५ साली पहिला मातीचा कोट बांधला तोही मॉर्मन धर्मप्रचारकांनी. दोन वर्षांत त्यांनी तो सोडला. अमेरिकन सरकारशी संघर्षाची वेळ आल्यावर १८५७ साली ब्रिगहॅम यंग यांनी पश्चिमेकडच्या वसाहतकारांना परत बोलावले, आणि कार्सन खोऱ्यातल्या शेतकरी कुटुंबांनीही घरेदारे मागे ठेवून युटाची वाट धरली.

ती निघून गेली आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, त्याच भागात कॉमस्टॉक नावाने प्रसिद्ध झालेली चांदीची खाण सापडली. आता आले ते वेगळे लोक : कॅलिफोर्नियातल्या सोन्यात ज्यांचे नशीब उघडले नाही असे खाणकामगार, दलाल, व्यापारी, दारूचे गुत्तेवाले, बहुतेक पुरुष, बहुतेक एकटे. व्हर्जिनिया सिटी हे डोंगरावरचे गाव भरभराटीच्या काळात पंचवीस हजारांच्या घरात गेले. १८६१ मध्ये नेव्हाडा युटापासून वेगळा प्रांत झाला आणि यादवी युद्ध चालू असताना, ३१ ऑक्टोबर १८६४ रोजी, राज्यही. त्यानंतरही सीमा पूर्वेकडे सरकत राहिली. १८६२ आणि १८६६ अशी दोनदा युटाची जमीन कापून नेव्हाडाला जोडली गेली. युटाला मात्र बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावरून राज्याचा दर्जा १८९६ पर्यंत मिळाला नाही.

चांदी संपली तेव्हा माणसेही गेली. १८८० साली नेव्हाडाची लोकसंख्या ६२,२६६ होती. १९०० साली ती ४२,३३५ वर आली. त्याच वर्षी युटाची लोकसंख्या होती २,७६,७४९. एखाद्या राज्याची एक तृतीयांश वस्ती दोन दशकांत निघून जाते, यावरून तिथे कोणी कशासाठी आले होते ते कळते. नेव्हाडाचा राज्याचा दर्जा काढून घ्यावा अशी चर्चा त्या काळात उघडपणे होत होती.

शेजाऱ्यांनी जे बंद केले, त्याचे दुकान

पाऊस नाही, शेती नाही, खाणी संपल्या. अशा राज्याने जगायचे कशावर? नेव्हाडाने काढलेला मार्ग साधा होता. बाकीच्या राज्यांनी ज्याला कायद्याने मज्जाव केला होता, ते त्याने आपल्याकडे कायदेशीर केले. १८९७ मध्ये बक्षिसी मुष्टियुद्धाला परवानगी दिली आणि त्याच वर्षी कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची गाजलेली लढत झाली. मग आला घटस्फोट. न्यूयॉर्क राज्यात १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार हे एकच कारण मान्य होते. नेव्हाडात कारणे पुष्कळ होती. अट फक्त रहिवासाची. ती आधी सहा महिने होती, १९२७ मध्ये तीन महिन्यांवर आली, आणि १९३१ मध्ये सहा आठवड्यांवर.

१९ मार्च १९३१ रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी दोन विधेयकांवर सही केली. एकाने घटस्फोटासाठी सहा आठवड्यांचा रहिवास पुरेसा ठरला. दुसऱ्याने जुगार खुला झाला. दोन्ही एकाच दिवशी झाले हा योगायोग मानता येत नाही. मंदीचे दिवस होते, आणि १९३० च्या जनगणनेनुसार ९१,०५८ लोकांचे हे राज्य बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या शोधात होते. रेनो शहराभोवती घटस्फोटासाठी मुक्काम करणाऱ्या स्त्रियांसाठी रँच उघडले गेले. त्याच वर्षी दक्षिणेला कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले आणि शेजारच्या लास वेगासला पगार घेऊन येणारे हजारो मजूर मिळाले.

फ्यूक्स यांच्या तक्त्यातला नेव्हाडा इथे तयार झालेला आहे. चोवीस तास उघडी असलेली जागा चालवायला तीन पाळ्यांत राबणारी माणसे लागतात. ती बाहेरून येतात, रात्री कामाला जातात, सकाळी झोपतात. धुरात उभे राहून पत्ते वाटणाऱ्याचा आणि ग्लास भरणाऱ्याचा दारू-तंबाखूशी असलेला संबंध हा चैनीचा नसतो, नोकरीचा असतो. आणि ज्याचे आधीच्या गावात काही मोडले आहे, तो माणूस नवे आयुष्य मांडायला जिथे जाईल, तिथल्या आकड्यांत त्याचे जुने दुखणेही सोबत जाते. नेव्हाडाने काही माणसांना आजारी केले हे खरे. आजारी आणि एकटी माणसे नेव्हाडाकडे आली हेही तितकेच खरे. तक्त्यावरून या दोहोंची फारकत करता येत नाही.

संयमाची व्यवस्था

युटाच्या निरोगीपणाचे श्रेय सहसा मॉर्मन पंथाच्या ‘शहाणपणाचे वचन’ या नियमाला दिले जाते. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. हा नियम १८३३ सालचा आहे, पण जवळजवळ शतकभर त्याचे स्वरूप उपदेशाचेच होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, हीबर ग्रँट यांच्या कारकिर्दीत, मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी तो पाळणे सक्तीचे झाले. म्हणजे फ्यूक्स यांनी मोजलेले युटाचे पन्नाशीतले निर्व्यसनी लोक हे या सक्तीनंतर वाढलेल्या पहिल्या पिढीतले. परंपरा वाटते तितकी जुनी नाही, आणि ती केवळ इच्छाशक्तीवर टिकलेली नाही. इतिहासाने इथे एक गंमतही करून ठेवली आहे. देशभरची दारूबंदी उठवायला छत्तीस राज्यांची संमती लागत होती, आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी छत्तिसावे राज्य म्हणून होकार दिला तो युटाने.

मला वर्ज्य वस्तूंच्या यादीपेक्षा तिच्या मागची रचना महत्त्वाची वाटते. पंथाचे अनुयायी ‘वॉर्ड’ नावाच्या लहान विभागांत बांधलेले असतात. प्रत्येक वॉर्डचा बिशप हा पगारी धर्मगुरू नसून आपला रोजचा व्यवसाय सांभाळून हे काम करणारा शेजारी असतो. महिन्यातल्या एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडायचे आणि त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे, असा रिवाज आहे. मंदीच्या काळात, १९३६ साली, पंथाने स्वतःची मदतयोजना उभी केली. तिची धान्यकोठारे आणि दुकाने अजून चालू आहेत. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचे पिणे वाढले आहे, हे वॉर्डमध्ये लपून राहत नाही. अशा गावात बाळ आजारी पडले तर रात्री दार ठोठवायला घर असते. अर्भकमृत्यूच्या त्या ४० टक्के फरकात या दाराचाही वाटा असला पाहिजे, असे मला वाटते.

या रचनेचा लाभ आरोग्यापुरता नाही. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या कोट्यवधी कुटुंबांच्या करनोंदींवरून एक मोजणी प्रसिद्ध केली. उत्पन्नाच्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यात जन्मलेले मूल सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता किती, हा प्रश्न होता. सॉल्ट लेक सिटी परिसरात ती १०.८ टक्के निघाली, शार्लटमध्ये ४.४ टक्के. मोठ्या शहरांत सॉल्ट लेक सिटी वरच्या रांगेत होती.

सीमेवरून काय काय गेले

इथवरची गोष्ट फ्यूक्स यांच्या तात्पर्याला पुष्टी देणारी आहे. पण आतापर्यंत आपण दोन राज्यांमधली रेषा म्हणजे भिंत आहे असे मानून चाललो. ती भिंत नव्हती.

लास वेगासच्या कॅसिनोंना १९५० च्या दशकात प्रतिष्ठित बँका कर्ज देत नसत. ते देण्यात पुढे आली बँक ऑफ लास वेगास. तिचा कारभार पाहणारे पॅरी थॉमस हे युटातल्या ऑग्डनचे, मॉर्मन घराण्यातले, आणि तिच्यामागचे भांडवल सॉल्ट लेक सिटीच्या बँकवाल्यांचे होते. जुगार पाप आहे असे शिकवणाऱ्या समाजातले भांडवल पन्नास-साठ कोस पलीकडच्या नव्हे, तर राज्याची सीमा ओलांडून वाळवंटातल्या जुगाराच्या इमारतींत गेले.

गिऱ्हाइकेही गेली. युटात लॉटरीसकट सर्व प्रकारच्या जुगाराला बंदी आहे. अमेरिकेत अशी राज्ये दोनच, युटा आणि हवाई. सॉल्ट लेक सिटीपासून गाडीने दोन तासांच्या आत वेंडोव्हर लागते. एकाच वस्तीतून राज्याची सीमा जाते : पूर्वेला युटाचे वेंडोव्हर, पश्चिमेला नेव्हाडाचे वेस्ट वेंडोव्हर. कॅसिनो अर्थातच पश्चिमेला. बाकीचा नेव्हाडा पॅसिफिक वेळेवर चालतो, पण वेस्ट वेंडोव्हरने युटाची वेळ स्वीकारली आहे, कारण तिथले घड्याळ गिऱ्हाइकाच्या घड्याळाशी जुळणे सोयीचे. युटाने व्यसन हद्दीबाहेर ठेवले असे म्हणताना ते हद्दीला लागूनच ठेवले, हेही म्हटले पाहिजे.

नेव्हाडाकडून युटाकडे जे आले, ते याहून भयंकर होते. लास वेगासच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर अमेरिकन सरकारने अणुचाचण्यांचे मैदान आखले. ही भूमी वेस्टर्न शोशोनींच्या हक्काची. पहिली चाचणी झाली २७ जानेवारी १९५१ रोजी, आणि १९६२ पर्यंत उघड्या हवेत सुमारे शंभर स्फोट झाले. वारा लास वेगास आणि कॅलिफोर्निया यांच्या दिशेने नसेल, पूर्वेकडे असेल, असा मुहूर्त त्यासाठी पाहिला जाई. पूर्वेला होते नेव्हाडाच्या कडेचे काही जिल्हे आणि मग दक्षिण युटातली मॉर्मन गावे. १९ मे १९५३ च्या ‘हॅरी’ नावाच्या स्फोटानंतर सेंट जॉर्ज गावावर किरणोत्सारी धूळ उतरली. त्या वसंतात सीडर सिटीच्या मेंढपाळांची हजारो मेंढरे मेली. दारू न शिवणाऱ्या, तंबाखू न ओढणाऱ्या त्या गावांत पुढे रक्ताच्या कर्करोगाची मुले दिसू लागली. सरकारवर विश्वास ठेवणे हा तिथल्या लोकांना देशभक्तीचा भाग वाटत होता. या बाधितांना, ज्यांना तिकडे ‘डाउनविंडर्स’ म्हणतात, नुकसानभरपाई देणारा कायदा झाला १९९० मध्ये. रक्कम ठरली माणशी ५०,००० डॉलर.

फ्यूक्स यांनी ज्या वर्षांचे मृत्युदर घेतले, ती नेमकी याच काळातली आणि त्यानंतरची वर्षे आहेत. त्या तक्त्यात युटा निरोगीच दिसतो, आणि सरासरीने तो होताही. सेंट जॉर्जचे दुःख त्या सरासरीत विरघळून गेले.

सरासरीच्या बाहेर राहिलेले

अशी विरघळलेली माणसे दोन्ही राज्यांत आहेत. वॉर्डमधला माणूस एकटा पडत नाही, पण वॉर्डमध्ये पूर्ण सामावून कोणाला घ्यायचे याचे नियम होते. कृष्णवर्णीय पुरुषांना मॉर्मन पंथात पौरोहित्याचा अधिकार जून १९७८ पर्यंत नव्हता. नेव्हाडाकडे पाहावे तर लास वेगासला कृष्णवर्णीय लोक ‘पश्चिमेचे मिसिसिपी’ म्हणत. रंगमंचावर टाळ्या घेणाऱ्या कृष्णवर्णीय गायकांना त्याच हॉटेलात खोली मिळत नसे. ही बंदी १९६० साली करार होऊन उठली. मेंकेनच्या यादीतले शेवटचे राज्य असे शिवीच्या रूपाने नेव्हाडात येऊन पोचले होते.

आणखी एक आकडा या दोन राज्यांच्या गोष्टीला सरळ छेद देतो : आत्महत्यांचा. संपूर्ण अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हा दर लाखामागे साधारण चौदा आहे. नेव्हाडात तो विसाच्या आसपास आहे, आणि युटातही विसाच्याच आसपास. डोंगराळ पश्चिमेतली सगळीच राज्ये या बाबतीत वर आहेत. बंदुकांची उपलब्धता, विरळ वस्ती, अगदी उंचीवरची विरळ हवा अशी कारणे सांगितली जातात. कारण काही असो, यकृत आणि फुप्फुसे वाचवणारी व्यवस्था मन वाचवायला पुरी पडत नाही. सर्वांना सर्वांचे माहीत असते, तिथे न जमणाऱ्याला लपायलाही जागा नसते.

उलट बाजूने, नेव्हाडातही माणसे बांधली गेली, पण वेगळ्या दोरीने. लास वेगासच्या हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या कामगारांची ‘कलिनरी वर्कर्स युनियन, लोकल २२६’ ही संघटना १९३५ पासूनची. तिचे सदस्य आज पन्नास हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत स्थलांतरित स्त्रियांचा भरणा मोठा आहे. संघटनेच्या करारातून त्यांना आजारपणाचा विमा मिळतो. फ्रंटियर हॉटेलपुढचा तिचा संप सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाला आणि १९९८ च्या सुरुवातीला जिंकूनच संपला. सहा वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस पहारा चालू होता, आणि साडेपाचशे संपकऱ्यांपैकी एकही फुटला नाही. ज्या राज्यात कोणी कोणाचे नसते अशी ख्याती, तिथे हे घडले. धर्माने जे युटात केले, त्यातले काही नेव्हाडात कामगारांनी स्वतः केले.

आजचा हिशेब

२०२० च्या जनगणनेत युटाची लोकसंख्या ३२,७१,६१६ आणि नेव्हाडाची ३१,०४,६१४ निघाली. दोघे आता आकारानेही जुळे झाले आहेत. आपल्याकडून अमेरिकेच्या सहलीला जाणारे लोक लास वेगास हमखास पाहतात, सॉल्ट लेक सिटी क्वचित. त्यामुळे नेव्हाडा म्हणजे झगमगाट एवढेच चित्र आपल्या मनात असते. २०२० साली युटाचे सरासरी आयुर्मान ७८.६ वर्षे होते, नेव्हाडाचे ७६.३. साथीचे वर्ष धरूनही क्रम बदलला नाही. धूम्रपानाचे प्रमाण सबंध देशात सर्वांत कमी अजूनही युटात आहे. नेव्हाडात जन्मलेल्यांचा वाटा वाढला, तरी तो चौथाईच्या आसपासच आहे.

म्हणजे फ्यूक्स यांचे निरीक्षण पन्नास वर्षे टिकले. २०२३ मध्ये, नव्याण्णवाव्या वर्षी, ते गेले तेव्हाही त्यांच्या या पानांची आठवण निघालीच. त्यांचा मूळ प्रश्न धोरणकर्त्यांना होता : केवळ डॉक्टर आणि रुग्णालये वाढवून माणसांचे आयुष्य वाढेल असे तुम्ही समजता का? तो प्रश्न आजही रास्त आहे. वाचकांनी त्याचे रूपांतर ‘चांगले वागाल तर जास्त जगाल’ या सुभाषितात केले, आणि तिथे बिघडले. कारण मग नेव्हाडातल्या रात्रपाळीच्या बाईचे दुखणे तिच्या वागण्याच्या माथी मारता येते, आणि सेंट जॉर्जच्या मुलाच्या दुखण्याला तर कुठले घरच उरत नाही.

इतिहास पाहिला की गोष्ट अशी दिसते. एका ठिकाणी परतीची वाट नसलेले लोक कुटुंबांसह आले आणि त्यांनी एकमेकांना धरून ठेवणारी, एकमेकांवर नजरही ठेवणारी व्यवस्था बांधली. दुसऱ्या ठिकाणी मिळवायला आलेले लोक आले, मिळायचे थांबले तेव्हा निघून गेले, आणि मागे उरलेल्या राज्याने इतरांच्या कडक कायद्यांवर आपला संसार चालवला. न्यूयॉर्कचा घटस्फोट, कॅलिफोर्नियाचा आणि युटाचा जुगार, सबंध देशाचा अणुबाँब, हे सारे नेव्हाडाने आपल्या अंगणात घेतले. इतरांची सोवळी राज्ये सोवळी राहिली त्यात नेव्हाडाचा हातभार आहे. म्हणून राज्यांच्या जीवनमानाची कोणतीही क्रमवारी समोर आली, की मी दोन गोष्टी शोधतो : या राज्याने स्वतःला नको असलेले काय शेजाऱ्याकडे ढकलले, आणि सरासरीत कोणाचे दुःख विरघळले.

वेंडोव्हरच्या लोकांपुढे हा प्रश्न एकदा मतपत्रिकेवरच आला होता. युटाकडचे गाव गरीब, नेव्हाडाकडचे कॅसिनोंच्या उत्पन्नावर सुस्थितीत. युटाचे वेंडोव्हर नेव्हाडाला जोडावे अशा प्रस्तावाला २००२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने मान्यता दिली. त्या वर्षी दोन्ही गावांत मतदान झाले. निरोगी, दीर्घायुषी युटातल्या वेंडोव्हरकरांनी नेव्हाडात जाण्याच्या बाजूने कौल दिला. वेस्ट वेंडोव्हरने मात्र नको म्हटले. प्रस्ताव सेनेटमध्ये पुढे गेला नाही, आणि सीमा होती तिथेच राहिली.